यात मी आहे

भालेराव काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या गाडीखाली वाकून बघत होते आणि मी पोलिसांना फोन लावायच्या बेतात होते. ख्राइस्टचर्चच्या भूकंपाला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. शेजारचं घर नुकतंच भाड्याने गेलं होतं. सकाळी पडदा सारला, तर माझ्या ड्राइव्हवेवर साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे. डोक्याला माकडटोपी, अंगात स्वेटर, स्वेटरवर जाकीट आणि पायात मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून ते गाडीच्या पोटाकडे टक लावून बघत होते. मी दार उघडून इंग्रजीत दरडावलं. त्यांनी मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि मराठीत म्हणाले, "तेल गळतंय, ताई."

खरंच गळत होतं. गॅरेजवाल्याने नंतर सांगितलं की आणखी आठवडाभर तशीच चालवली असती तर इंजिन गेलं असतं. मी त्यांना नेऊन लाडू दिले, पण माझं समाधान झालं नाही. मुळात दुसऱ्याच्या गाडीखाली बघायचं यांना कारण काय, हा प्रश्न उरलाच.

माझ्या स्वभावाबद्दल इथे दोन शब्द सांगायला हवेत. मी विमा कंपनीसाठी घरांच्या पडझडीची तपासणी करायची. लोक भिंतीवरची भेग दाखवून सांगत, ही भूकंपाची. मी टॉर्च मारून आत बघायची. आत जुना रंग उतरलेला असला, धूळ नाहीतर कोळिष्टकं असली, की भेग आधीची. पांढरी, कोरी असली की नवी. सगळेच खोटं बोलतात असं नाही, बरेच जण आपल्या घरातल्या भेगा विसरलेले असतात. पण दिवसाला तीन-तीन घरं असं काम केलं की सवय लागते. कोणी काही सांगायला लागलं की मी मनातल्या मनात टॉर्च काढते. काकांनी हे चार दिवसांत ओळखलं आणि माझं नाव तपासणीसबाई ठेवलं.

काका मुलीकडे राहायला आले होते. मुलगी सुजाता हॉस्पिटलात नर्स, जावई मिलिंद रस्त्यांच्या कामावर इंजिनियर आणि नात आर्या आठ वर्षांची. आर्याला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. आजोबा आणि नातीचं त्यामुळे काही अडत नसे. सुजाताची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवसभर घरात काका एकटे. ते गल्लीतल्या लोकांचे बंद पडलेले लॉनमोअर दुरुस्त करत, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणत, आणि वाटेत दिसेल त्या गाडीखाली बघत.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. कुठल्याही गाडीत बसण्यापूर्वी काका बॉनेटवर दोन थापा मारत, गाडीभोवती एक फेरी घालत आणि वाकून खाली बघत. मगच दार उघडत. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येसुद्धा. एकदा एका धिप्पाड माणसाने विचारलं, "लॉस्ट समथिंग, मेट?" काकांनी 'सगळं झकास' या अर्थाचं, आर्याकडून शिकलेलं उत्तर दिलं, "नो नो, स्वीट ॲज!" आणि पुढच्या गाडीकडे वळले. मी सुजाताला विचारलं. ती म्हणाली, "अगं, बाबांचं ते पहिल्यापासून आहे. आम्ही लहान होतो तेव्हा रिक्षाखालीसुद्धा बघायचे. आम्हाला लाज वाटायची." खुद्द काकांना विचारलं तर म्हणाले, "मांजर बसतं हो खाली." आमच्या गल्लीत एकच मांजर होतं आणि ते सदैव माझ्या खिडकीत झोपलेलं असे. मी मनात नोंद केली.

दुसरी खोड सावलीची. इथलं ऊन अंगाला चावतं. पिकनिकला गेलो की सगळे सतरंजी घेऊन झाडाखाली धावतात. काका आपली खुर्ची उचलून भर उन्हात नेऊन ठेवत. कोणी आग्रह केला तर म्हणत, "सावली दिसली की आधी बघावं, तिथे अगोदरचं कोणी बसलंय का." लोक हसत. मला हे हसण्यासारखं वाटत नसे. माणूस एखादी गोष्ट इतक्या सफाईने टाळतो, तेव्हा तिच्यामागे काहीतरी असतं.

आणि मग त्यांची ती गोष्ट. बुद्धपौर्णिमेला आणि असल्याच इतर कार्यक्रमांना आम्ही मंडळी एका शाळेचा हॉल घ्यायचो. वंदना झाली, खीर वाटून झाली की मुलं काकांना गराडा घालत. "आजोबा, सफारी!" काका तरुणपणी टांझानियात एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत होते. कशावर होते, ते कधी स्पष्ट सांगत नसत, नुसतं "कंपनीत". एका रविवारी कंपनीने दोन गाड्या काढून माणसांना जंगल दाखवायला नेलं होतं. तो एक दिवस. त्याच्या आधीचं आणि नंतरचं आफ्रिकेतलं ते काहीच सांगत नसत.

सांगायचे मात्र झकास. हत्ती पाऊल टेकवतो तेव्हा ते पसरतं आणि उचलतो तेव्हा आवळतं, म्हणून एवढा मोठा प्राणी बिनआवाज चालतो. झेब्र्याच्या खुराला कसली तरी पांढरी माती लागली होती. आणि सिंहीण! तिच्या पुढच्या उजव्या पंजाचं एक नख तुटलेलं होतं. दोन बोटांच्या मधे गवताची काडी अडकली होती. ती श्वास सोडायची तेव्हा जमिनीवरची धूळ हलायची. इथे काका फुंकर मारून टेबलावरचा कागद हलवून दाखवत आणि मुलांच्या अंगावर काटा येई.

माझ्या अंगावर येत नसे. तिसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आलं की काकांची गोष्ट प्राण्यांच्या गुडघ्यांच्या वर जातच नाही. मी मुद्दाम विचारलं, "काका, जिराफाची मान कशी हो दिसते जवळून?"

"उंच असते म्हणतात," काका म्हणाले.

म्हणतात! मी लगेच दुसरा प्रश्न टाकला. "आणि सिंहिणीचं तोंड?"

"सिंहिणीसारखं." काकांनी खिरीची वाटी तोंडाला लावली. मुलं खो खो हसली.

पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक फोटो होता. पाकिटात, प्लास्टिकच्या कप्प्यात. रंग उडून तांबूस झालेला. पिवळं गवत, त्यात एक उंच गाडी, खिडक्यांच्या काचांआड चार-पाच चेहरे आणि गाडीच्या सावलीत आरामात पसरलेली सिंहीण. काका फोटोवर बोट ठेवून म्हणत, "यात मी आहे." मी एकेक चेहरा पाहिला. एकही काकांचा नव्हता. तीस वर्षांत माणूस बदलतो हे धरूनसुद्धा नव्हता. "यातले कुठले तुम्ही?" असं विचारलं, तर त्यांनी फोटो परत पाकिटात घातला आणि म्हणाले, "आहे." असे फोटो तिकडे दुकानात विकत मिळत असणार, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

मत पक्कं झालं तर झालं, ते गप्प ठेवायचं होतं. पण एका दुपारी सुजाताच्या स्वयंपाकघरात कप पुसता पुसता मी बोलून गेले. "रागावू नकोस, पण काका आफ्रिकेत असतील राहिलेले. जंगलात काही गेलेले नाहीत. फोटो विकतचा आहे."

सुजाताने एक कप फडताळात ठेवला. मग म्हणाली, "बाबांनी आम्हालाही कधी नीट सांगितलं नाही खरं."

फ्रिजचं दार बंद झालं. त्याच्यामागे आर्या उभी होती, हातात चीजचा तुकडा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेली.

एरवी मी हे विसरूनही गेले असते. पण आर्याच्या वर्गात तेव्हा आफ्रिकेतल्या प्राण्यांवर काहीतरी चाललं होतं आणि तिने बाईंना सांगून ठेवलं होतं की माझे आजोबा सिंहिणीजवळ जाऊन आले आहेत, ते येऊन सांगतील. काकांचं नाव वर्गाच्या फळ्यावर लागलं होतं. काका रोज एक वाक्य इंग्रजीतून पाठ करत होते. या देशात आल्यापासून कोणीतरी त्यांना त्यांच्यासाठी म्हणून बोलावण्याची ही पहिली वेळ होती.

त्या आठवड्यात आर्याने वडिलांकडे हट्ट धरला की आजोबांना घेऊन प्राण्यांच्या पार्कात जायचं. शहराबाहेरच्या त्या पार्कात जाळीच्या बंद गाडीत बसवून लोकांना सिंहांच्या आवारात नेत. मिलिंदला वाटलं, पोरीला आजोबांचं किती कौतुक. मला तसं वाटलं नाही. ती तपासणी करणार होती. माझ्याकडूनच शिकली होती.

रविवारी आम्ही माझ्या गाडीने गेलो. गरम नॉर-वेस्टर वारा सुटला होता, टोप्या उडत होत्या. सिंहांची गाडी आली तशी काका तिच्याभोवती फिरले, वाकले, खाली पाहिलं. तिथली मुलगी माओरीत नमस्कार करत हसून म्हणाली, "किया ओरा! यू राइट देअर?" काका हसले नाहीत. मिलिंद, सुजाता चढले. काकांनी पायरीवर पाय ठेवला आणि परत खाली घेतला.

"मी नाही बसत."

"बाबा, सेफ आहे," मिलिंद म्हणाला. "चारी बाजूंनी जाळी आहे."

"जाळीचं नाही हो. तुम्ही या जाऊन."

आर्या पायरीवर उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता. "यू हॅव नेव्हर ईव्हन सीन वन, हॅव यू, आजोबा? मावशी सेड सो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते बघत राहिले, एखाद्याने आपल्या घराला नापास केलं की लोक बघतात तसे. मग गाडी निघाली. मी काही चढले नाही.

आम्ही कुंपणापाशी बाकावर बसलो. अर्थात उन्हातल्या. आवारात गाडी थांबली आणि सिंह तिच्याभोवती गोळा झाले. काही टपावर चढले. एक सिंहीण मात्र चाकापाशी आली, गोल फिरली आणि गाडीच्या सावलीत आडवी झाली. काका ताडकन उठले आणि त्यांनी कुंपण धरलं.

"खाली कोणी नाही ना?"

"खाली कोण असणार, काका?"

"त्यांनी बघितलंय ना?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हां. मी बघितलं होतं. कोणी नव्हतं." आणि बसले.  मी पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी उघडली नाही.

मग आवाराकडे बघतच त्यांनी सांगितलं. मी एकही प्रश्न विचारला नाही असं म्हणवत नाही. मी दोन विचारले.

"मी मेकॅनिक होतो, ताई. साहेब लोक फिरायला निघाले, गाडी जुनी, म्हणून मला घेतला. बसायच्या जागा साहेबांच्या. मी मागे, हत्यारांच्या पेटीशेजारी, खाली. ताडपत्री बांधलेली, खालून वीतभर फट. दिवसभर त्या फटीतून बघितलं. पाय दिसायचे. दुपारी क्लचचा पाइप सुटला. साहेब म्हणाले, भालेराव, खाली जा, चारी बाजूंनी बघितलंय, काही नाही."

"बघितलं होतं त्यांनी?"

"काचेतून." काकांनी बाटली बाजूला ठेवली. "मी खाली शिरलो. पाइप बसवत होतो. तर पाय आले. चार. आले आणि माझ्या बाजूला आडवे झाले. हातभर अंतर होतं, पुढचं टायर मधे. पाना छातीवर ठेवला आणि पडून राहिलो."

"किती वेळ?"

"घड्याळ मनगटावर होतं. पण मनगट हलवलं नाही."

गाडीतून सिंहांना मांसाचे तुकडे देत होते. लोकांच्या ओरडण्याचा आवाज वाऱ्यावर आमच्यापर्यंत येत होता.

"वर साहेब लोक गप्प," काका म्हणाले. "मला वाटलं, काहीतरी युक्ती करतायत. तेवढ्यात मागची गाडी हळू हळू पुढे आली. म्हटलं, आता हॉर्न मारतील, हिला हाकलतील. ती गाडी थांबली. तिच्यातून क्लिक, क्लिक, क्लिक. आधी फोटो काढले त्यांनी. रीळ संपलं, मग हॉर्न मारला."

पाकीट काढून त्यांनी फोटो माझ्या हातात दिला. "साहेबांनीच एक कॉपी दिली. म्हणाले, भालेराव, आठवण म्हणून ठेव."

मी फोनचा कॅमेरा फोटोवर धरून मोठा केला. सिंहिणीच्या मागे, गाडीच्या पोटाखाली, मी ज्याला तीन वेळा सावली समजून सोडून दिलं होतं तिथे, मागच्या चाकाजवळ, दोन फिकट डाग होते. बुटांचे तळवे. टोकं आकाशाकडे.

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. लोकांच्या भिंतींत टॉर्च मारणारी मी, आणि मी खिडक्यांमधले चेहरे तेवढे मोजले होते. माणूस फोटोत असेल तर खिडकीत बसलेलाच असेल, असं मी धरून चालले होते.

"पोरीला सांगू नका," काका म्हणाले.

"काका, ती तुम्हाला खोटं समजतेय. माझ्यामुळे."

"समजू दे. थापा मारणारा आजोबा चालतो पोरांना. ज्याला गाडीखाली घालून लोकांनी फोटो काढले, तो आजोबा कशाला दाखवायचा तिला?"

 परत येताना आर्या सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. बसण्यापूर्वी काकांनी माझ्या बॉनेटवर दोन थापा मारल्या, फेरी घातली, वाकून बघितलं. या वेळी मी थांबून राहिले.

दुसऱ्या दिवशी आर्या शाळेतून आली आणि मागच्या अंगणात ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायला लागली. मी कुंपणापाशी गेले. म्हटलं, "आर्या, माझी तपासणी चुकली. आजोबा फोटोत आहेत."

ती थांबली. "व्हेअर?"

"ते त्यांना विचार."

"यू ऑल्वेज से शो मी प्रूफ, मावशी."

"पुरावा आहे. पण तो दाखवायचा हक्क माझा नाही."

तिने मला बराच वेळ निरखलं. खोटं बोलणाऱ्याकडे मी जशी बघते, हुबेहूब तशी. मग जँडल्स तिथेच टाकून आत गेली. आजोबा आणि नातीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि मी पहिल्यांदाच ते शोधून काढायचा प्रयत्न केला नाही.

गुरुवारी काका शाळेत गेले. मी नव्हते, सुजाता सुट्टी काढून गेली होती. तिने येऊन सांगितलं. काकांनी पाठ केलेली वाक्यं बोललीच नाहीत. सगळ्या मुलांना टेबलांखाली उताणं झोपायला लावलं. मग बूट काढून नुसत्या मोज्यांनी टेबलांमधून हळू हळू चालायला लागले.  एका टेबलापाशी येऊन जमिनीवर बसले आणि जोराने श्वास सोडला.

"व्हॉट यू सी?" त्यांनी विचारलं.

"फीट!" मुलं ओरडली.

"येस. मी टू."

मग सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पाइप, पाना, तुटलेलं नख. फोटो हातोहात फिरला, मुलांनी तळवे शोधले. एका मुलीने विचारलं की वरच्या लोकांनी सिंहिणीला हाकललं का नाही? काका म्हणाले, "फर्स्ट दे टेक फोटो."

सुजाता म्हणाली, "मला पण तेव्हाच कळलं गं. बाबा रिक्षाखाली का बघायचे ते." ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून रडली आणि मी तिला चहा करून दिला. त्यापलीकडे काही करण्याची माझी पत नव्हती.

त्यानंतर काका तीन-चार वर्षं इथे होते. गोष्ट ते अजूनही सांगत, पण आता ती गाडीखालून सुरू होई. माझा संशय काही गेला नाही. साहेबांनी खरंच चारी बाजूंनी पाहिलं होतं का, की सिंहीण पाहूनच त्यांना खाली पाठवलं, हा प्रश्न मला अजून पडतो. एकदा मी काकांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तपासणीसबाई, ती भेग जुनी आहे. राहू द्या."

इथली थंडी गुडघ्यांना सोसेना, तेव्हा त्यांनी नाशिकला कायमचं परत जायचं ठरवलं. निघायची सकाळ जुलैमधली, म्हणजे इथल्या ऐन थंडीतली होती. गवतावर पांढरं दव गोठलेलं. मिलिंदने बॅगा भरल्या, गाडी सुरू करून ठेवली. काका माकडटोपी घालून बाहेर आले. माझे हात हातात घेऊन म्हणाले, "तेल बघत जा."

मग त्यांनी बॉनेटवर दोन थापा मारल्या. दाराला धरून धरून फेरी घातली. वाकायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. परत प्रयत्न केला. गुडघे वळेनात. "बाबा, राहू दे ना, उशीर होतोय," सुजाता म्हणाली. काका दार धरून उभेच राहिले. बसेनात.

आर्या तेव्हा बारा वर्षांची, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. तिने पाठीवरची बॅग काढून माझ्याकडे दिली आणि ड्राइव्हवेवर पालथी पडली. गाल थंडगार काँक्रीटला टेकवून तिने पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन परत आडवी झाली आणि परत पाहिलं. कसलीच घाई केली नाही. उठली तेव्हा तिच्या गालावर खडी उमटली होती. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून मराठीचं अख्खं वाक्य ऐकलं नव्हतं.

"खाली कोणी नाही, आजोबा," ती म्हणाली. "मी नीट बघितलं. बसा तुम्ही."

काका बसले.